पदराखालचं लेकरू

फोटो काढणाऱ्या मुलीनं माझ्या लेकीच्या मोबाईलवर सूचनांची लांबलचक यादी पाठवली होती. लेक पहिल्या बाळंतपणाला करडीला माझ्याकडे आलेली, बाळ आठ दिवसांचं. ती बाजेवर पडल्या पडल्या यादी वाचून दाखवत होती आणि मी खाली बसून डिंक निवडत होते.

खोली गरम ठेवा. बाळाला आधी पोटभर पाजा. आईबाबांनी फिक्या रंगाचे, साधे कपडे घाला. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, बाळाला ओरखडा जाईल. अत्तर लावू नका. तीन-चार तास मोकळे ठेवा, बाळ झोपेल तेव्हाच काम होईल. ते रडेल, शी-शू करेल, संकोच करू नका. आणि बाळ दोन आठवड्यांचं व्हायच्या आत बोलवा, कारण नंतर ते पोटातल्यासारखं गोळा होऊन झोपत नाही.

शेवटचं वाक्य वाचून लेक थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. सव्वा महिना व्हायच्या आधी परकं माणूस बाळंतिणीच्या खोलीत, तेही कॅमेरा घेऊन! आता आई भडकणार, अशी तिची तयारी होती.

"बोलाव," मी म्हटलं.

"खरंच? तुले चालते?"

"चालते. माही एकच अट हाय. बाळाचं तोंड दिसलं पाहिजे."

ती हसली. "आई, फोटो बाळाचाच हाय. तोंड नाही दिसन तर काय दिसन?"

"नाही दिसत कधी कधी," मी म्हटलं आणि डिंकातला खडा शोधत बसले. खडा काही सापडला नाही.

माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, एक फोटो आहे. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. त्यात एक बाई खुर्चीवर बसली आहे. वय असेल एकोणीस. तोंडाला पावडर एवढी की चेहरा कणकेसारखा पांढरा आणि मान आपली मूळच्या रंगाची. केसात शेवंती. डावं मनगट मुद्दाम पुढे काढलेलं, कारण मनगटावर घड्याळ आहे. घड्याळ शेजारच्या मास्तरीणबाईंकडून मागून आणलेलं आणि बंद पडलेलं. हे फक्त मास्तरीणबाईंना आणि या बाईला ठाऊक. फोटोत घड्याळ चालत नाही हे कोणाला कळणार, असा तिचा हिशेब. बाई कॅमेऱ्याकडे अशी पाहते आहे की जणू तिथून पुढे सगळं जग तिला विचारूनच चालणार आहे.

ती मी.

मांडीवर एक गाठोडं आहे. त्यावर पदर ओढलेला. ते माझं पहिलं लेकरू, दोन महिन्यांचं. त्याचं नाव इथं लिहीत नाही. ते नाव मी नंतर आमच्या घरात कोणाला ठेवूही दिलं नाही.

झालं असं की गल्लीत लग्न होतं आणि मोहाडीहून फोटोवाला आला होता. माझ्या मालकांनी हौसेनं त्याला आमच्या अंगणात आणलं. स्वतः मात्र बसले नाहीत. आईसमोर बायकोच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची लाज. ते कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "बाई, लेकराच्या तोंडावरचा पदर काढा."

आणि त्या एकोणीस वर्षांच्या दीडशहाणीनं उत्तर दिलं, "नाही. जावळ काढल्याशिवाय लेकराचं तोंड फोटोत द्यायचं नसते. आमच्या आंबागडले असंच करतेत."

आंबागड माझं माहेर. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. लग्न होऊन करडीला आले तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या आंबागडले" अशी व्हायची. आमच्या आंबागडले वरण असं नाही करत. आमच्या आंबागडले धानाच्या रोपांचे परहे असे नाही टाकत. आता खरं सांगते, आंबागडात जावळाचा असा काही नियम नव्हता. फोटोच कोणाचा निघत नव्हता, तर नियम कुठला? एका म्हाताऱ्या मावशीनं एकदा काहीतरी पुटपुटलेलं मी ऐकलं होतं, आणि चारचौघांत आपल्याला काही ठाऊक आहे हे दाखवायची ती संधी होती.

माझी सासू घोंगडी पांघरून ओट्यावर बसली होती. तिच्यासमोर फोटोवाला, नवरा, लग्नाला आलेले चार पाहुणे. ती म्हणाली, "अवो पोरी, दिसू दे ना त्याचं तोंड. तुह्या आंबागडले का किल्ल्यात लपवून पोट्टे वाढवतेत?"

सगळे हसले. त्या हसण्यानंच घात केला. सासू एकांतात म्हणाली असती तर कदाचित मी पदर काढला असता. पण लोक हसले म्हटल्यावर महाराणीनं पदर आणखी दोन बोटं खाली ओढला. फोटोवाल्यानं काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि फोटो निघाला.

मग फोटोनंतर अकराव्या दिवशी लेकराला धाप लागली. सकाळची वेळ, पौषातली थंडी. बैलगाडी जुंपून दवाखान्याला निघालो. गाडी तळ्याच्या पाळीवर आली तेव्हा माझ्या मांडीवरचं वजन तेवढंच होतं, पण त्यातलं हलणं थांबलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यापर्यंत तशीच बसून राहिले. मी बोलले नाही तर ते खरं होणार नाही, हीसुद्धा त्या दीडशहाणीची एक हुशारीच.

फोटो महिन्याभरानं आला. माझ्या मालकांनी तो पाहिला, माझ्या हातात दिला आणि बैल घेऊन धानाच्या बांधीत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे मला तीन मुलं झाली. दोन मुलगे आणि ही लेक. देवानं हात आखडता घेतला असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट झाली, ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. दुसरा झाला तेव्हा त्याचं तोंड पहिल्याच्या तोंडावर बसलं. तिसरा झाला तेव्हा आणखी एक थर. लेक झाली तेव्हा तर काहीच उरलं नाही. त्याचा वास आठवतो, जावळ मऊ होतं हे बोटांना आठवतं, दूध पिताना तो एक हात वर धरायचा हे आठवतं. तोंड आठवत नाही. डोळे मिटले की दुसऱ्याचं तोंड येतं, लेकीचं येतं. सासू गेली, मालक गेले. त्या लेकराला पाहिलेलं जगात एकच माणूस उरलं आहे, आणि ते माणूस विसरलं.

तर, फोटोवाली मुलगी आली. बाळ अकरा दिवसांचं झालं होतं त्या दिवशी. भंडाऱ्याहून किरायाची गाडी करून आली. पंचवीस-सव्वीसची असेल, बारीक चणीची. गाडीतून तिनं एवढ्या पिशव्या उतरवल्या की मला वाटलं ही राहायलाच आली. एक मोठी फुगीर गादी, बोटभर जाडीचे मऊ कपडे, लोकरीच्या टोप्या, वेताची टोपली. आत आल्या आल्या चपला बाहेर, घड्याळ-अंगठ्या पिशवीत, आणि कोपरापर्यंत हात धुतले. तिनं घड्याळ उतरवलेलं पाहिलं आणि मला कुठंतरी टोचलं.

मग तिनं बिजलीचा हीटर लावला. मी म्हटलं, "शेगडी हाय ना बाजेखाली."

"असू द्या आजी, दोन्ही असू द्या. बाळाले उघडं ठेवायचं तर खोली आपल्याले घाम येईन एवढी गरम पाहिजे."

माझी सासू असती तर तिनं या मुलीला दत्तकच घेतलं असतं.

बाळ मात्र यादी वाचून आलेलं नव्हतं. एक तासभर ते झोपलंच नाही. टकामका पाहत राहिलं. मुलीनं मोबाईलवर एक आवाज लावला, सूऽऽ सूऽऽ असा, न थांबणारा.

"तुह्या मोबाईलात नळ फुटला काय वो?" मी विचारलं.

"आजी, हा पोटातला आवाज हाय. बाळानं नऊ महिने हाच ऐकला."

"माह्या पोटात एवढा आवाज असता तर मी डॉक्टरकडे गेली असती."

लेक हसली तर तिचे टाके दुखले. "आई, नको ना हसवू!" जावई नागपूरहून मुद्दाम आलेले, मलईच्या रंगाचा कुर्ता घालून, यादीप्रमाणे. त्यांनी बाळाला छातीशी धरलं, मुलगी कॅमेरा डोळ्याला लावते न लावते तोच बाळानं कुर्त्यावर धार सोडली. जावई पुतळ्यासारखे उभे.

"हलू नका जावईबापू," मी म्हटलं, "आता खरे बाप झाले तुमी."

मुलगी म्हणाली, "सगळ्यायचं होते. दुसरा कुर्ता आणा म्हणून लिहिलं होतं ना यादीत?" लिहिलं होतं. कोणी वाचलं नव्हतं.

पुन्हा पाजलं, पुन्हा गुंडाळलं. हळूहळू बाळ झोपलं. मग तिचं काम पाहण्यासारखं होतं. घाई नाही, आदळआपट नाही. एक बोट सरळ करायचं तर त्याला दहा वेळा कुरवाळून सरळ करायची. मला विचारलं, घरातली काही वस्तू आहे का, टोपलीपेक्षा बरी? मी सूप आणलं. ती म्हणाली, खाली नवं धान पसरू. मी म्हटलं, "धान टोचते बापा, अंग लाल होऊन जाईन त्याचं." मग सासूचं जुनं लुगडं चार पदरी करून सुपात घातलं आणि धान नुसतं कडेनं सांडलं. त्यावर तो गोळा होऊन झोपला. तोंड पूर्ण दिसत होतं. मी दोनदा पाहून खात्री केली.

मग तिनं सांगितलं की बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून बसलंय असा एक फोटो असतो. मी म्हटलं, अकरा दिवसांचं लेकरू मान धरते काय? वेडी झाली काय?

"नाही धरत आजी. म्हणूनच तो एका फोटोत होत नाही. एकदा वरून डोकं धरून काढते, एकदा खालून मनगटं धरून काढते. मग दोन्ही जोडते आणि धरणारा हात पुसून टाकते. जे लोक हात न लावता बसवाले जातेत ना, त्यायच्याकडे बाळ द्यायचंच नाही. तुमीच धरा. तुमचा हात हलका हाय."

मी दोन बोटांनी त्याचं डोकं धरलं. टाळू बोटाखाली धडधडत होती. मग मनगटं धरली. झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडून मला कच्चं काम दाखवलं. आधीच्या फोटोत माझा हात होता, सुरकुतलेला, बांगडीचा वळ उमटलेला. तिनं दोन-चारदा बोट फिरवलं आणि हात गेला. त्याच्या जागी बाळाचं डोकं आलं, जावळासकट.

"माहा हात गेला कुठं?"

"पुसला."

मी उठले. गुडघे कुरकुरले तरी उठले. आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली आणि शालूच्या घडीतला फोटो आणून तिच्या हातात दिला.

"हा पदर पुसून दे."

लेकीनं मान वळवून पाहिलं. "अवो, हा तर दादाचा फोटो! आई, दादाचे तर दुसरे फोटो हायेत ना. यात तू किती सुंदर दिसतं पाय!"

लहानपणी कधीतरी तिला हा फोटो ट्रंकेत सापडला होता. पदराखाली दादा आहे असं तिनंच ठरवलं. मी म्हटलं होतं, बरं. तेव्हापासून ते तसंच चाललं होतं.

"हा दादा नाही," मी म्हटलं. "दादाच्या आधीचा हाय."

आधी एक होता हे माझ्या मुलांना ठाऊक होतं, घरात जसं ठाऊक असतं तसं, एका वाक्याएवढं. त्याचा फोटो आहे हे ठाऊक नव्हतं. खोलीत तो सूऽऽ सूऽऽ आवाज चालू होता. जावयांनी हात लांब करून तो बंद केला.

"आई," लेक म्हणाली, "तू कधी सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? मले त्याचं तोंड आठवत नाही, हे सांगू?"

मुलगी फोटो हातात घेऊन खिडकीपाशी गेली. बराच वेळ पाहिला. मग माझ्याजवळ खालीच बसली.

"आजी, पदर पुसता येते. पण तुमचा हात पुसला तेव्हा मागचं डोकं दुसऱ्या फोटोत होतं. तिथून आणलं मी ते. याचा दुसरा फोटो हाय काय?"

"नाही."

"मग मी कुठून आणू? कॅमेऱ्याले जे दिसलंच नाही, ते मले कसं दिसन?"

तिचं बरोबर होतं. मला राग यायला हवा होता, पण राग ज्या बाईचा यायचा ती फोटोतून माझ्याकडे तोरा दाखवत पाहत होती.

जावई भला माणूस. त्यांना गप्प बसवेना. "आई, फोनवर होते हे आजकाल. थांबा." त्यांनी फोटोचा फोटो काढला, काहीतरी लिहिलं, आणि मिनिटभरात फोन माझ्यापुढे धरला. पदर गेला होता. माझ्या मांडीवर एक गोबऱ्या गालाचं, गोरंपान बाळ हसत होतं. पावडरच्या डब्यावर असतं तसं. फोटोतल्या बाईला आता ते फार शोभत होतं.

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी ते बाळ खरोखर नीट पाहिलं. मनात म्हटलं, असेल बाई, असंच असेल, घे आता. एक क्षण मी घेणारच होते. मग भीती वाटली. तीन लेकरांची तोंडं त्याच्यावर बसली होती. ती निदान माझ्या पोटची होती. आता हे चौथं बसेल, कोणाचंच नसलेलं, आणि मग मऊ जावळही आठवणार नाही.

"लई गोड हाय," मी म्हटलं. "पण हा आमच्या घरी आला नव्हता. मिटवा जावईबापू."

त्यांनी मिटवलं. फोन खिशात घातला.

मुलीनं तेवढ्यात जुना फोटो खिडकीच्या उजेडात ठेवून आपल्या मोठ्या कॅमेऱ्यानं टिपला होता. लॅपटॉपवर तो भिंतीवरच्या कॅलेंडराएवढा झाला. शेवंतीच्या पाकळ्या मोजता येतील एवढा. ती एकेक जागा मोठी करून पाहत गेली, पदराच्या काठानं, फटीफटीतून, कुठं गाल, कुठं कान दिसतो का. नव्हता दिसत. दोन बोटं जास्त ओढला होता ना.

मग खालच्या कोपऱ्यात ती थांबली.

"आजी, ही काय म्हणता तुमी?"

"पदराची घडी."

"घडी नाही. पाय हाय."

चाळीस वर्षं मी ज्याला घडी समजत होते तो पाय होता. टाच आणि तीन बोटं. गाठोड्यातून निसटून बाहेर आलेली. अंगठा वर वळलेला. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर माझा हात होता, डावा हात, ज्याला त्या वेळी दुसरं काही काम नव्हतं. तो हात बंद घड्याळ दाखवत होता.

मार्गशीर्ष सरतानाची सकाळ. ओट्यावर सासू घोंगडीत. लोकांच्या तोंडून वाफा. लेकराचा पाय उघडा, आणि जावळाच्या नियमापायी तोंड मात्र घट्ट झाकलेलं.

डॉक्टर लोक म्हणतील, असं एक पाय उघडा राहिल्यानं काही होत नसतं. लेक तेच म्हणाली, तेव्हाच, माझा खांदा धरून. मी म्हटलं, हो. मला ठाऊक आहे. मी काही वेडी नाही.

सुपातलं बाळ जागं व्हायला लागलं होतं. मुलीचं शेवटचं काम राहिलं होतं, पायांचा फोटो. तिच्या यादीत होतं ते, बोटं, कान, पाय असे जवळून काढतात, कारण ते पंधरा दिवसांत बदलतात. तिनं कपडा बाजूला केला. मी म्हटलं, "एक मिनिट थांब." आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या मुठीत धरले. गरमच होते. खोली एवढी तापलेली, आम्ही सगळे घामानं निथळत होतो. तरी मी धरून बसले. मुलगी थांबली. तिला घाई न करायला ज्यानं कोणी शिकवलं, देव त्याचं भलं करो.

महिन्याभरानं अल्बम आला. प्रत्येक फोटोत बाळाचं तोंड स्वच्छ. लेक सगळ्यांना दाखवत फिरते. पायांच्या फोटोत माझी मूठ आली आहे. ती मुलगी पुसायला विसरली की तिनं मुद्दाम ठेवली, मी विचारलं नाही. अल्बमच्या मागे एका पाकिटात तिनं जुना फोटोही मोठा करून पाठवला, जसा होता तसा. पदर पुसला नाही, काही घातलं नाही.

मी तो भिंतीवर लावला नाही. ट्रंकेतच आहे. दुपारी लेकीचं बाळ झोपलं की कधी कधी काढते. तोंड शोधत नाही आता. तिथं काही नाही. मी आपली खालच्या कोपऱ्यात पाहते आणि मग वर, त्या पावडर थापलेल्या पोरीकडे. ती अजून कॅमेऱ्याकडेच पाहते आहे, मनगट पुढे काढून. तिला पुढचं काही ठाऊक नाही. अकरा दिवस आहेत तिच्याकडे.

बाई, घड्याळ राहू दे. जरा खाली पाय. त्याचा पाय उघडा पडलाय, झाक.